वडिवळ्याचा चुडा आणि जैतूनची जांघ

ये गं, अशी जवळ ये. लांबून काय ऐकतेस? आणि बसताना गुडघ्यावर हात दाबून "आई गं" करू नकोस, कितीदा सांगायचं तुम्हाला? लोणावळ्याहून आल्यापासून ज्या त्या पोरीचा फोन येतोय. पॉइंट बघितले का, धुकं होतं का, चिक्की आणली का. चिक्की आणलीय. धुकं होतं. पॉइंट एकही बघितला नाही. चार दिवस राहिले ते चार दिवस चिडत राहिले, आणि अजून उतरलेला नाही राग. प्रत्येकीला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. वाचा, आणि मध्ये लाजून पान उलटू नका. लाजण्यासारखं येणार आहे, आधीच सांगते.

मी फलटणची मणेरीण. बांगड्या विकणं आणि भरणं हा आमच्या घरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचं सगळं वाचन बांगड्यांची तोरणं ज्या रद्दीत गुंडाळून यायची त्या रद्दीवर. त्यामुळं माझ्या लिहिण्यात कुठं अर्धवट वाटलं तर समजून घ्या, कागदच अर्धे असायचे.

जैतून माझी धाकटी बहीण. लोणावळ्याच्या बाजारात तिचं बांगड्यांचं दुकान, मागं घर. तिचा फोन आला, "आपा, चार दिवस ये. वडिवळ्याला चुडा भरायचाय. मला एकटीला जमायचं नाही."

जमायचं नाही! ही बाई सात महिन्यांची पोटुशी असताना डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन मावळातली गावं फिरलेली आहे. तिच्या तोंडून हे शब्द मी जन्मात ऐकले नव्हते. पिशवी भरली आणि निघाले.

बेगडेवाडी

फलटण ते पुणे एसटी. तिच्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही, खिडकी बंद होत नव्हती एवढंच. पुण्याहून लोणावळ्याची लोकल धरली. चिंचवड गेल्यावर गाडी रिकामी होते, पाय लांब करता येतात. बेगडेवाडीला एक बाई चढली, माझ्याच वयाची, डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं. ते खाली ठेवलं, गाठ सोडली, मूठभर तांदूळ माझ्या नाकाशी धरला.

"घे वास. इंद्रायणी हाय, कालच गिरणीतनं आनलाय."

घेतला वास. अहाहा. आमच्याकडं ज्वारीचा वास, कोरडा, उन्हाचा. हा म्हणजे ओल्या मातीत कुणीतरी दूध सांडल्यासारखा.

"कुटं निगाली आक्का?"

"लोणावळ्याला, बहिणीकडं. वडिवळ्यात लग्न आहे, चुडा भरायचाय."

"मणेरीण व्हय तू! आमच्या परंदवडीला बी एक येत हुती. आता न्हाई येत. गुडघं गेलं तिचं. पोरी आता बाजारात जात्यात, काचंच्या टेबलावर हात ठिवायचा, झालं." आणि स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारून हसली. "समद्यांचंच गेलं की. माजं बी."

ती कामशेतला उतरली. मी मात्र तिथूनच तापायला सुरुवात केली. गुडघे गेले, गुडघे गेले. जसे काही गुडघे आपण होऊन उठले आणि बाजाराला गेले!

लोणावळा, शुक्रवारची संध्याकाळ

स्टेशनातून बाजारात जायला रस्ता ओलांडायचा तर अर्धा तास. मुंबईहून, पुण्याहून गाड्याच गाड्या, शनिवार-रविवारची धाड. एक पोरगी गाडीच्या छतातून अर्धी बाहेर येऊन ओरडत होती. पडली तर? मी हात करून ओरडले, "आत बस!" तिला वाटलं मी टाटा करतेय. तिनं पण केला.

जैतूनच्या घरी पोचले. आमच्या घराण्यात जेवण म्हणजे खाली सतरंजी, त्यावर दस्तरखान म्हणजे जेवणाचं कापड, सगळ्यांनी मांडी घालून बसायचं. बघते तर सोफा. दस्तरखान कपाटाच्या वर घडी घालून. जैतूनची सून रुबीना चांगली पोरगी, तिनं खिमा केला होता, त्याबरोबर इंद्रायणीचा भात, असा मऊ की बोटांना सोडत नाही. मी आपली सवयीनं खाली बसले. आणि जैतून सोफ्याच्या कडेला, एक पाय पुढं काठीसारखा लांब करून, ताट हातात घेऊन.

"काय झालं पायाला?"

"काही नाही."

आतून रुबीना म्हणाली, "काही नाही कसं अम्मी? सांगा ना खालांना." खाला म्हणजे मावशी, म्हणजे मी.

मग निघालं एकेक. पूर्वी दुकानात खाली गादीवर बसायची. मुलानं काचेचं काउंटर केलं, उंच स्टूल आणलं. आईचे कष्ट वाचवले म्हणे! दोन वर्षांत खाली बसायची सवय मोडली आणि कंबरेखालचे सांधे असे धरले की नमाजसुद्धा खुर्चीवर. कुणीतरी सांगितलं की इथं एक सर ताई-ची शिकवतात. पावसाळ्यापासून जातेय.

"ते काय असतं?"

"चिनी व्यायाम. हळूहळू हलायचं, पाण्यातून चालल्यासारखं. सांधे उघडायचे, मिटायचे."

"मग उघडले?"

"सांधे थोडे सुटले." आणि मग खालच्या आवाजात, "गुडघा मात्र सुजला."

सलवार वर करून दाखवला. रताळ्यासारखा.

आता चुड्याचं सांगते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही की एवढं रडं कशाला. नवरीला पूर्वेकडं तोंड करून पाटावर बसवतात. मणेरीण समोर, खाली. एक पाय दुमडून गुडघा बाजूला जमिनीपर्यंत टेकवायचा आणि त्या गुडघ्यावर नवरीचा हात ठेवायचा, उशीवर ठेवल्यासारखा सैल. मगच हिरवी काच चढते. हात हवेत लटकत असला की पोरगी मूठ आवळते, आणि आवळलेल्या मुठीवर काच तडकते. नवरीच्या चुड्यात काच तडकली तर त्या घरात लग्नभर कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. पुढं काही वाईट घडलं की तीच काच आठवतात.

वडिवळ्याच्या कौसाबाईला चुडा भरला जैतूनच्या सासूनं. कौसाबाईच्या सुनेला भरला जैतूननं. आता नात, कोमल. सोमवारी. मणेरीण खाली बसू शकली नाही तर पुढचा चुडा बाजारात, काचेच्या काउंटरवर. एक घर सुटलं की गाव सुटतं.

"मी जाते अम्मी," रुबीना म्हणाली.

"तुला अजून सैल हात कळत नाही."

"मग खुर्ची घेऊन जा. आजकाल सगळे—"

"खुर्चीवर बसून चुडा? मी काय तिचे दात काढायला चाललेय?"

आणि माझ्यासमोर बसून दाखवायला गेली. अर्ध्यापर्यंत उतरली, गुडघा आतल्या अंगाला वळला, तोंडातून एक आवाज आला आणि सोफा धरून परत वर. मी हात दिला तो झटकला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्या डोक्यात आग. म्हटलं, उद्या बघतेच हे सर कोण ते.

शनिवार, बंगल्याची बाग

क्लास एका बंगल्याच्या बागेत. मालक मुंबईला, बंगला सुट्टीच्या दिवशी भाड्यानं जातो, पण मागची हिरवळ सकाळी क्लासला मिळते. रात्री कुणी मंडळी नाचून गेली असावीत. पोहण्याच्या तलावाच्या काठाला बाटल्या, एक चप्पल, अर्धा केक. आमच्याकडं पाण्याच्या टँकरची वाट बघतात आणि इथं डुंबायला एवढं पाणी. असो. त्याचा राग वेगळा.

दहाएक बायका, दोन रिटायर झालेले काका. बहुतेकींच्या गुडघ्यांना पट्टे, ते औषधांच्या दुकानात मिळतात तसले. मला वाटलं क्लासचा गणवेश असेल. जैतूनला विचारलं तर म्हणाली, "गणवेश कसला, गुडघे दुखतात सगळ्यांचे."

"आल्यापासून, की येण्याआधीपासून?"

यावर ती लंगडत दुसऱ्या ओळीत जाऊन उभी राहिली.

सर म्हणजे साठीचा सडपातळ माणूस, पांढरे कॅनव्हासचे बूट, आवाज असा की मांजरसुद्धा दचकू नये. कारखान्यात ड्रॉइंग विभागात होते, पुण्यात कुणा गुरूंकडं बरीच वर्षं शिकले. वाईट माणूस नव्हे, हे मला पहिल्या मिनिटाला दिसलं आणि त्याचाच जास्त राग आला. वाईट माणसाला शिव्या देता येतात.

"क्वा उघडा," सर म्हणायचे, "आता क्वा मिटा. सावकाश. श्वास सोडा."

क्वा हा त्या चिनी लोकांचा शब्द. आणि उघडा म्हटलं की सगळ्या बायका काय करायच्या? गुडघा बाहेर फेकायच्या. मिटा म्हटलं की आत ओढायच्या. पाऊल जमिनीत, गुडघा इकडून तिकडं, चरकातल्या उसासारखा पिळला जातोय. जैतून दुसऱ्या ओळीत, ओठ दाबून, सगळ्यात मन लावून करणारी. मन लावून स्वतःचा गुडघा मोडत होती माझी बहीण.

मी पण करून बघितलं. साडीच्या निऱ्यांनी पाय अडवला आणि मी दवाच्या गवतावर बसले ती सपशेल. एक काका हसले. मी बसल्या जागेवरून विचारलं, "सर, हे क्वा म्हणजे नक्की कुठं?"

सरांचे कान लाल झाले. "हा... हा सगळा भाग, ताई." आणि पोटापासून गुडघ्यापर्यंत हवेत एक हात फिरवला, अंगाला न लावता, माशी वारावी तसा. बायका गवताकडं बघायला लागल्या. काका तलावाकडं.

एवढा मोठा भाग! त्यात पोट आलं, मांडी आली, सगळा मुलूख आला. त्यातलं डोळ्यांना हलताना दिसतं काय, तर गुडघा. म्हणून दहाही जणींनी गुडघा धरला.

परत येताना जैतून माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होती. टपरीवर चहा प्यायलो. मी म्हटलं, "उद्यापासून बंद."

"आपा, सोमवारपर्यंत सुटेल. अजून मोठं उघडलं की सुटेल."

अजून मोठं!

रविवार

सकाळी जैतूनला न सांगता एकटीच लवकर गेले, भांडायलाच. काय काय बोलायचं ते वाटेत ठरवत होते. बागेत धुकं, आणि सर एकटेच, त्यांचं स्वतःचं करत होते. त्यांनी मला बघितलं नाही. मी आंब्याच्या झाडाशी थांबले.

बायांनो, इथं लाजायचं नाही म्हणाले ना मी? तर ऐका. त्यांचा गुडघा हलतच नव्हता. वजन उजव्या पायावर आलं, शरीर वळलं, पण गुडघा पावलाच्या बोटांच्या रेषेत, खुंटीसारखा. मग हलतंय काय? मी वर वर बघत गेले. पायजम्याला एक घडी पडत होती. पोट संपतं आणि मांडी सुरू होते, तिथं. उजवीकडची घडी मिटली की डावीकडची उघडायची. डावीकडची मिटली की उजवीकडची सपाट. या वयात मी एका परक्या पुरुषाच्या जांघेकडं टक लावून बघत उभी होते आणि मला मेलीला दुसरं काही सुचतच नव्हतं, कारण मला ते ओळखीचं वाटत होतं.

बांगडी भरताना नवशिकी पोरगी बोटांची हाडं दाबते. हाड कुठं दबणार? दुखतं आणि काच तडकते. आमची आई शिकवायची, बोटांना हात लावू नको, अंगठ्याच्या मुळाशी मिट. अंगठ्याचं मूळ तळहातात गेलं की अख्खा हात आपोआप बारीक होतो आणि बांगडी घरी आल्यासारखी चढते. सर तेच करत होते. मुळाशी मिटत होते. आणि बायकांना मात्र बोटं दाबायला लावत होते.

"सर!" मी ओरडलेच. "तुम्ही एक करता आणि दुसरंच शिकवता."

ते दचकले. "ताई? इतक्या लवकर?"

"तुमचा गुडघा हलत नाही. हलते ती ही." आणि मी सरळ दोन बोटं माझ्या साडीवरून जांघेच्या घडीत रोवली. "याला मराठीत नाव नाही का?"

सर गेटकडं बघायला लागले. "हळू बोला ताई."

"का हळू?"

"पावसाळ्यात नवीन बॅच सुरू झाली तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जांघ म्हणूनच. स्वतःच्या अंगावर हात ठेवून दाखवलं. तिसऱ्या दिवशी वॉचमननं मला बाजूला घेतलं. कुणीतरी त्याच्याकडं तक्रार केली होती, सर बायकांसमोर घाणेरडं बोलतात. मालकाच्या कानावर गेलं असतं तर बाग गेली असती. मग मी तो चिनी शब्द धरला. त्याला कुणी हरकत घेत नाही."

"कशी घेणार? कळतच नाही कुणाला!"

"गुडघा बोटांच्या रेषेत ठेवा म्हणून रोज सांगतो मी."

"ऐकतं कुणी?"

"नाही," सर म्हणाले. बिचारे खरं बोलले.

"कोण होती ती तक्रार करणारी?"

"ते विचारू नका ताई."

तेवढ्यात गेटातून जैतून आली, लंगडत, मला शोधत. सरांनी मान फिरवली आणि जास्वंदीची पानं मोजू लागले. मला सगळं कळलं.

"जैतून! तू?"

"मग काय करायचं होतं?" तिचा आवाज चढला. "परका पुरुष. सगळ्यांसमोर. जांघेला हात लावून दाखवतात का कुणी?"

"बघ, बोललीस की नाही आता?"

"तोबा, आपा!" आणि ओढणी तोंडावर.

असा राग आला मला, सांगता येत नाही. हिच्यावर, सरांवर, त्या वॉचमनवर, आमच्या आईवर सुद्धा. आम्ही मणेर. बांगडी फुटली असं तोंडातून काढायचं नाही, "वाढली" म्हणायचं, हे आम्हाला बोबडं बोलायला लागल्यापासून शिकवलेलं. ते ठीक आहे. ती काच आहे, तिला दुखत नाही, तिला काही म्हणा. पण अंगाचं काय? पोरीची पाळी आली तर कावळा शिवला. बाळंतपणात टाके उसवले तर "जरा त्रास आहे". छातीत गाठ आली तर "इथं काहीतरी". आमची मोठी जाऊ अशीच "इथं काहीतरी" म्हणत गेली, डॉक्टरला कळेपर्यंत उशीर झाला. नावच घ्यायचं नाही, तर औषध कशाला लावायचं? आणि ही लाज फक्त मुसलमानांची, फक्त हिंदूंची असं नाही हं. त्या बागेत सगळ्या जातीच्या बायका होत्या आणि सगळ्या मिळून गवताकडं बघत होत्या. या एका गोष्टीत कशी एकी!

बायका जमल्या. मी पुढं गेले. म्हटलं, "मी या जैतूनची मोठी बहीण. सरांना सांगता येत नाही ते मी सांगते. तुमचं क्वा गुडघ्यात नाही. ही जांघ. ही घडी. इथं दोन बोटं रोवा, आणि बोटं चिमटली गेली पाहिजेत. गुडघा विसरा." पिशवीतून एक बांगडी काढून चढवून दाखवली, आधी बोटं दाबून, मग अंगठा मिटून.

एक बाई खुदकन हसली, मग दुसरी. एक उठून चालती झाली, जाऊ दे. एक काका तलावात जणू मासे आहेत तसे वाकून बघत राहिले. दुसऱ्या काकांनी मात्र हळूच बोटं ठेवली.

आणि सर? ते थोडा वेळ पाठ करून उभे होते. मग वळले, कान लालच, पण म्हणाले, "ताई बरोबर सांगतायत. जांघ. पण ताई, तुम्ही नुसतं मिटताय. एकच बाजू मिटली तर कंबर वाकडी होते. डावी जांघ उघडत गेली तरच उजवी मिटते. दोन्ही एकाच वेळी. परत करा."

केलं. खरंच, मी एकाच बाजूला कलंडत होते. डावीकडं जागा सोडली तेव्हा उजवी अशी अलगद बसली की गुडघ्याला पत्ता नाही. मला त्यांची चूक दिसली होती, पण त्यांची विद्या त्यांचीच. तीन महिने तोंडात धरून बसले होते, त्याचाच तर राग.

जैतूननं काही केलं नाही. बागेच्या कठड्यावर बसून राहिली. दुपारी मला भात वाढला आणि रस्सा मुद्दाम कमी. खाल्ला तसाच. दुपारी पडले होते तर शेजारच्या खोलीचं दार लोटलेलं, आतून तिच्या हातातल्या बांगड्यांचा आवाज. थोडा थांबायचा, परत यायचा. फटीतून कपाटाचा आरसा दिसत होता. जैतून आरशासमोर उभी, दोन बोटं जांघेत रोवलेली, डोळे मिटलेले. मी खोकलेसुद्धा नाही.

वडिवळे, सोमवार

कामशेतहून रिक्षा केली. धरणाचं पाणी आरशासारखं, भात कापून झालेला, खाचरांत नुसते धसकटांचे ठिपके, बांधावर पेंढ्याच्या गंज्या. आमच्याकडं या दिवसांत शेतात ऊस उभा असतो, नजर अडते. इथं नजर थेट डोंगराला जाऊन टेकते. रिक्षात जैतून पेटी मांडीवर घेऊन बसली होती. मला म्हणाली, रागानं नव्हे, पण माझ्याकडं न बघता, "आपा, नाही जमलं तर तू बसशील ना माझ्या जागी?"

"बसेन."

"मग ते घर तुझं होईल. माझं नाही."

फलटणहून कोण येणार प्रत्येक चुड्याला?

कौसाबाईच्या अंगणात मांडव चढत होता. गडी माणसं बांबू बांधत होती, बायका हळद कांडत होत्या. कौसाबाई पुढं आली, वाकलेली, पण आवाज ठणठणीत. "आगं जैतून, कवाधरनं वाट बघतीय! ही कोन?"

"माझी मोठी बहीण."

"या बया या. पानी आना गं!" आणि मग आवाज जरा मऊ करून, "तुजं गुडघं गेलं म्हनं? आमच्या रिक्षावाल्यानं कालच सांगितलं. म्या खुर्ची ठिवलीया. बस तीत, कोन काय म्हननार न्हाई तुला."

पाटासमोर खरंच प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली होती. लाल. नवरी कोमल पाटावर बसलेली, खुर्चीकडं वर बघत, हाताची मूठ आत्तापासूनच आवळलेली. माया होती हो त्या खुर्चीत. पण त्या मायेनंच चुडा जाणार होता. मी जैतूनकडं बघितलं. आता ही "काही नाही" म्हणणार, बसणार खुर्चीत, आणि संपलं.

जैतून खुर्चीपाशी उभी राहिली. पेटी खाली ठेवली.

"गुडघा न्हाई कौसाबाई," ती म्हणाली. मोठ्यानं. बांबूवरच्या गड्यालासुद्धा ऐकू गेलं. "गुडघा नंतर सुजला. मूळ दुखणं जांघंत हाय. जांघ धरलीया माजी."

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या कलंडला, अर्धं पाणी पदरावर.

कौसाबाई म्हणाली, "मग आदी बोलायचं की गं! जांघंला खुर्ची काय करायची? भातलावणीच्या वक्ताला माजी बी धरती. ढुंगान उंच पायजे, म्हंजी गुडघा आपसुक खाली जातो. ए, दुसरा पाट आन! आनि ती घोंगडी!"

खुर्ची गेली. पाटावर पाट आला, वर घोंगडीची घडी. गुडघा म्हणून सांगितलं तेव्हा खुर्ची आली होती. जांघ म्हणून सांगितलं तेव्हा पाट आला. एवढाच फरक, आणि एवढ्यासाठी माझी बहीण पावसाळ्यापासून गुडघा पिळत होती!

जैतूननं दोन बोटं जांघेत रोवली, सगळ्यांसमोर, साडीला पिन लावावी इतक्या साधेपणानं. सावकाश मिटत मिटत खाली गेली. अर्ध्यावर थांबली. शुक्रवारी इथूनच परत फिरली होती. तिनं दुसरी बाजू सोडली, उघडली, आणि बसली. गुडघा बाजूला कलला. जमिनीला नाही टेकला, मध्ये वीतभर जागा राहिली. मी माझ्या पिशवीची गुंडाळी करून तिथं सरकवली. तिनं नाही म्हटलं नाही.

"दे हात," ती कोमलला म्हणाली.

मूठ घट्ट. "भ्या वाटतंय मावशी. फुटली तर?"

अंगणात हळद कांडणाऱ्या बायकांचे हात थांबले, हा शब्द या वेळी कुणी काढत नाही. जैतून हसली. "फुटली तर दुसरी हाय पेटीत. बोटं सोड. हा अंगठा बघ, हितं मुळाशी मिट. बाकीचं माज्यावर सोड."

पहिली बांगडी चढली. मग दुसरी. मग मी मोजणं सोडलं, नुसता तो किणकिणाट ऐकत राहिले. एकही काच तडकली नाही. आल्या-गेल्या बायकांना मी भरल्या, नवरीला मात्र जैतूननंच, दोन्ही हात.

कोमल पाया पडली. नारळ, तांदूळ, खण दिला. आता उठायचं. पहिल्यांदा नाही जमलं, अर्धी उठून परत घोंगडीवर बसली. मी हात पुढं केला, तिनं चापट मारली त्याच्यावर. मग वजन एका पायावर घेतलं, मिटली, उघडली, उठली. कौसाबाई म्हणाली, "कोमलच्या पोरीला बी तूच येशील गं!" जैतून म्हणाली, "आदी जेवायला वाढा." मासवडी होती, इंद्रायणीचा भात होता. दोघी खाली पंगतीत बसलो. तिथं परत घोंगडी मागितली तिनं, न लाजता.

खोटं कशाला सांगू, सुजलेला गुडघा एका दिवसात उतरत नसतो. डॉक्टरकडं गेली, आणि या वेळी नाव घेऊन सांगितलं. महिनाभर क्लासला बसून बघायचं, करायचं नाही, असं सरांनीच फोनवर बजावलं. ती बागेच्या गेटाशी खुर्चीत बसते आणि ज्या बाईचा गुडघा हलला तिला ओरडते म्हणे. काल फोनवर म्हणाली, "आपा, हे लिहिलंस तर माझं नाव घाल. जांघेचं घातलंस, मग माझं लपवून काय उपयोग?"

तर घातलंय. राग अजून आहेच. काचेच्या काउंटरवर आहे, बंगल्यातल्या तलावावर आहे, गवताकडं बघणाऱ्या बायकांवर तर फारच. तो एकटीनं बाळगवत नाही, म्हणून तुम्हाला बोलावते. फलटणला या, लवकर या, हिरव्या काचेची नवी पेटी आलीय, भाकरी गरम मिळेल. फक्त कुठं दुखतंय ते दारातच, नाव घेऊन, मोठ्यानं सांगा. म्हणजे तुमच्यासाठी खुर्ची काढू की पाट, ते मला कळेल.